नदीकडं बोटभर

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये
तेवीस वर्षं काचा पुसतोय मी.
बाहेरच्या तोफांना पाऊस पुसतो.
माझ्या वाट्याला आतलं सगळं:
नाणी, मणी, खापरं, गंजलेली पाती
आणि कोपऱ्यातल्या काचेआड
वीतभर उंचीचा हा, उघडाबंब, दाढीवाला,
एक हात वर केलेला.
हातात काही नाही.

चिठ्ठी म्हणते, समुद्राचा देव. रोमन. कांस्य.
ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाला.
मिळाला.
या शब्दात कुणाचं बोट दिसत नाही.

आमच्या घरात एक बोट आहे.
वडिलांच्या आत्याचं, यल्लूआत्तीचं, नख काळं पडलेलं.
ती सांगायची:
थंडीचं दिस, सहा आणे हजेरी,
दोनशे पाट्या माती रोज टाकायची.
चाळणीत खडा म्हणून उचलला
तर खड्याला दाढी!

सगळे भाकरीला बसलेले.
आत्तीनं त्याला ओटीत घातलं
(उघडा होता, थंडी वाजंल म्हणून),
आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन
त्याला लावलं, खांद्याच्या खोबणीत.
"देव हाय का बाहुला, मला काय ठावं?
पर आला तर हाय लांबनं.
म्हसोबाचा पाव्हणा आसंल."
मग भाकरी संपली,
मुकादमानं शिट्टी घातली,
तिनं पाव्हणा काढून त्याच्या हातावर ठेवला
आणि पुढची पाटी उचलली.

खरं की खोटं,
ते ब्रह्मपुरीच्या मातीला माहीत.
वहीत तर मुकादमाचंही नाव नसेल.
आमच्यात लग्नाकार्याला आत्तीची ही गोष्ट निघाली
की धाकटे चुलते उठून पान खायला जायचे.

मग ते पुराचं साल.
राजाराम बंधाऱ्याची पातळी
माणसं क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारत होती.
बावन्न फूट. बावन्न फूट आठ इंच.
साहेबांचा फोन आला,
खालच्या कपाटातलं वर घ्या.
लाईट गेलेली, बॅटरी दाताखाली धरून
मी काच सरकवली
आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा
याला हातात घेतलं.

हलका असेल वाटलं होतं.
जड होता, पाण्यानं भरलेल्या तांब्यासारखा,
आणि गार.
मी म्हटलं, देवा, हे तुझं खातं की आमचं?
तू समुद्राचा, ही तर साधी पंचगंगा.
ऑगस्ट आला की हिला वाटतं आपणच समुद्र.
आत्ती म्हणायची,
त्याच्या हातात जे काय होतं
ते त्यानं नदीला दिऊन टाकलंय,
म्हणून ती आसली माजती.

मग मी तेच केलं
जे वर्षानुवर्षं करायचं मनात होतं.
बॅटरी जवळ नेली,
खांद्याच्या खोबणीत बघितलं.
हिरवट गंज.
नखानं खरवडावंसं वाटलं,
नाही खरवडलं.
सरकारी वस्तू आहे.
आणि समजा खाली काहीच निघालं नसतं तर
पुढच्या लग्नात काय सांगायचं?

पाणी उतरलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी.
रस्त्यावर चिखल, भिजलेल्या गाद्या,
फिनेलचा वास.
सगळं होतं तिथं परत मांडलं,
यादीवर टिका मारल्या.
यालाही.
फक्त ठेवताना तोंड
बोटभर फिरवलं नदीकडं,
ब्रह्मपुरीकडं,
जिथं आता माती टाकणारं कोणी नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
साहेब बदलून गेले, नवीन आले.
शाळेची पोरं येतात, काचेला नाक लावतात,
एखादी विचारते, काका, याच्या हातातलं कुठं गेलं?
मी म्हणतो, पुढं चला, रांग मोडू नका.

पण लाकडावर
त्याच्या जुन्या जागेचा डाग दिसतो अजून,
नव्या जागेपासून बोटभर सरकलेला.
रोज सगळं पुसतो मी.
तेवढं पुसत नाही.